एलन टेरी आणि शॉ यांची पत्रं कशी वाचावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'ती फुलराणी'च्या निमित्ताने बर्नार्ड शॉबद्दल वाचताना कळलं, की एका नामवंत नटीशी त्याचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता आणि त्या काळात दोघं भेटलेच नाहीत. हे खरं का? ती प्रेमपत्रं होती का? आणि कुणाची खासगी पत्रं आपण वाचावीत का?

आधी एक गुंता सोडवू. शॉच्या आयुष्यात पत्रांमुळे गाजलेल्या नट्या दोन, आणि त्यांची कायम सरमिसळ होते. १९१४ साली लंडनच्या 'पिग्मॅलियन'मध्ये, म्हणजे आपल्या फुलराणीच्या मूळ नाटकात, फुलवालीचं काम केलं ते मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांनी. नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक यांनी केलेलं 'डिअर लायर' शॉ आणि या कॅम्पबेलबाईंच्याच पत्रांवर बेतलेलं आहे. न भेटता पत्रं लिहिणारी ती दुसरी, एलन टेरी. माझ्या मते दोन्ही पत्रव्यवहारांत हाच अधिक मोलाचा आहे.

एलनचा जन्म १८४७ चा, कॉव्हेंट्रीचा, नटांच्या घरातला. नऊ वर्षांची असताना, १८५६ मध्ये, ती चार्ल्स कीनच्या नाटक कंपनीत शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मधला लहानगा राजपुत्र म्हणून उभी राहिली. शॉ जन्मला तोही त्याच वर्षी. शाळा अशी तिने पाहिलीच नाही. सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर ४६ वर्षांच्या जी. एफ. वॉट्स या चित्रकाराशी लग्न झालं आणि वर्षभरात मोडलं. पुढे एडवर्ड गॉडविन या वास्तुविशारदाबरोबर ती लग्नावाचून राहिली. त्यांना दोन मुलं झाली, एडिथ आणि एडवर्ड गॉर्डन क्रेग. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये एवढ्यावर एखादी बाई कायमची बाद झाली असती. पण १८७८ मध्ये हेन्री अर्विंग या नामवंत नटाने तिला आपल्या लंडनच्या लायसियम थिएटरात आणलं आणि पुढची वीसेक वर्षं ती इंग्लंडची सर्वांत लाडकी नटी होती. आठवड्याला २०० पौंड पगार, १८८८ ची लेडी मॅकबेथ, भुंग्यांचे हिरवे पंख जडवलेल्या त्या पोशाखातलं सार्जंट या चित्रकाराने केलेलं चित्र, हे सगळं त्याच काळातलं.

पत्रांची सुरुवात १८९२ ची आणि अगदी कामापुरती. एका तरुण गायिकेचं गाणं कुणा जाणकाराने ऐकावं म्हणून एलनने 'द वर्ल्ड' या साप्ताहिकाच्या संपादकाला लिहिलं. त्याने ते पत्र आपल्या संगीतसमीक्षकाकडे, शॉकडे दिलं. शॉने गाणं ऐकलं आणि कसलीही साखर न लावता मत कळवलं. दोन-चार पत्रांनंतर खंड पडला. १८९५ मध्ये शॉ 'सॅटर्डे रिव्ह्यू'चा नाट्यसमीक्षक झाला आणि पत्रांना खरा भर आला.

'भेटलेच नाहीत' हे खरं, पण अपुरं. दोघं एकाच शहरात राहत होते, ती अर्ल्स कोर्टच्या बाजूला, तो फिट्झरॉय स्क्वेअरला. समीक्षक या नात्याने शॉ लायसियममध्ये प्रेक्षकांत बसून तिला पाहतच होता. तीही पडद्याच्या भोकातून त्याला बघून घ्यायची. समोरासमोर बोलणं तेवढं झालं नव्हतं. समीक्षक नटीला पाहतो, तिच्यावर लिहितो, ते छापून येतं. त्या काळच्या नटीला त्यावर जाहीर उत्तर द्यायची सोय नव्हती. या पत्रांत ती उत्तर देते, आणि म्हणूनच ती मला इतकी महत्त्वाची वाटतात.

१८९६ चा सप्टेंबर घ्या. लायसियममध्ये शेक्सपिअरचं 'सिंबेलिन' बसत होतं. एलन ४९ वर्षांची आणि तिची भूमिका, नायिका इमोजेन, ही नुकतं लग्न झालेली तरुण मुलगी. शब्द तोंडात बसत नव्हते, वयाची धास्ती होती. शॉने तिला संहितेच्या ओळी घेऊन लांबलचक पत्रं लिहिली. कुठली ओळ राखायची, कुठली गाळायची, शुद्धीवर आल्यावर शेजारी शिर नसलेलं प्रेत आहे हे इमोजेनला नेमकं कोणत्या क्षणी उमगतं, इथपर्यंत. शेक्सपिअर ओळींतून खेळायचा, दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत अभिनय कोंबायचा नाही, असा त्याचा आग्रह. आणि एलन? ती आभार मानून गप्प बसत नाही. सूचना तपासते, प्रतिप्रश्न करते, अर्विंगच्या काटछाटीत काय बसेल याचा हिशेब करते. तालमीच्या दिवसांत नटीच्या डोक्यात काय चालतं ते इतक्या जवळून दाखवणारा मजकूर त्या काळातला फार थोडा उरला आहे. २२ सप्टेंबरला प्रयोग झाला. त्यानंतर शॉने जे परीक्षण लिहिलं त्यात शेक्सपिअर आणि अर्विंग दोघांना झोडपलं आणि एलनला उचलून धरलं.

इथेच तिची पंचाईत होती. शॉला ती लायसियममधून बाहेर यायला हवी होती, आधुनिक नाटकांत आणि अर्थात त्याच्या स्वतःच्या नाटकांत. नेपोलियनवरची त्याची एकांकिका अर्विंगने करावी म्हणून ती मध्यस्थी करत होती, आणि शॉ दर आठवड्याच्या लेखणीने त्याच अर्विंगला दुखवत होता. डिसेंबर १८९६ मध्ये अर्विंगच्या 'तिसरा रिचर्ड'वर शॉने लिहिलं. आपण दारू पिऊन रंगमंचावर उभे होतो असं त्यात सुचवलंय, असं अर्विंगला वाटलं, आणि पुढच्या वर्षी एकांकिका परत आली. एलन अर्विंगबद्दल चिडून लिहिते, थकून लिहिते, पण त्याला सोडत नाही. जिच्या पगारावर घर चालतं आणि जी अर्विंगची खरी ताकद जवळून ओळखते, अशा बाईचं हे शहाणपण होतं. शॉला ते शेवटपर्यंत पुरतं कळलं असं मला वाटत नाही.

मग प्रेमपत्रं होती का? भाषा प्रेमाची आहे, यात शंका नाही. पण त्याच पत्रांत शॉ तिला हिरव्या डोळ्यांच्या श्रीमंत आयरिश बाईबद्दल सांगतो. ती शार्लट, जिच्याशी त्याने १८९८ मध्ये लग्न केलं. 'कँडिडा'चं हस्तलिखित वाचून एलन रडली, पण ती भूमिका शॉने दुसऱ्या नटीसाठी राखून ठेवली होती. १८९९ मध्ये त्याने खास एलनसाठी 'कॅप्टन ब्रासबाउंड्स कन्व्हर्जन' लिहिलं. तिला ते आवडलं नाही. नाटकात बाई एकच, आणि पैसाही मिळणार नाही, असं तिने साफ कळवलं. शॉ हटला नाही. आफ्रिकेतली दोन प्रवासवर्णनं वाच, एक मेरी किंग्जलीचं आणि एक स्टॅन्लीचं, म्हणजे ही नायिका कोण आहे ते कळेल, असं त्याचं उत्तर. बंदुकीच्या धाकाने चालणारा पुरुष आणि माणसांशी माणसासारखी वागत निर्धास्त फिरणारी बाई, यांतला फरक त्याला दाखवायचा होता. या पत्रात तो एलनला खरोखर बरोबरीची मानून वाद घालतो. मला शॉ सर्वांत जास्त इथेच आवडतो.

डिसेंबर १९०० मध्ये त्याच नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला ती प्रेक्षक म्हणून आली आणि दोघं अखेर समोरासमोर आले. त्यानंतर पत्रं विरळ झाली. ती भूमिका तिने १९०६ मध्ये कोर्ट थिएटरात केली, वयाच्या ५९ व्या वर्षी.

आता वाचावीत का, याबद्दल. एलन १९२८ मध्ये गेली. १९३१ मध्ये पत्रं पुस्तकरूपाने आली. संपादन क्रिस्टोफर सेंट जॉन यांचं (या बाई होत्या, एडिथच्या सोबतीण), प्रस्तावना शॉची. मुलगी एडिथ छापण्याच्या बाजूची, मुलगा गॉर्डन क्रेग संतापलेला. त्याच वर्षी त्याने स्वतःचं पुस्तक काढलं आणि जगाला दिसली ती नटी वेगळी, आपली आई वेगळी, असं मांडलं. त्याचं दुःख मला समजतं. तरी मी एडिथच्या बाजूचा आहे. दोघांनी एकमेकांची पत्रं वर्षानुवर्षं जपली होती. उतारवयात एलन शेक्सपिअरवर व्याख्यानं देत फिरायची, त्यांतलं एक शेक्सपिअरच्या नाटकांतल्या पत्रांवरच होतं. पत्रावरून माणूस कसा उलगडतो याची जाण असलेली ही बाई होती. आणि ही पत्रं छापली नसती, तर तिच्या आत्मचरित्रापलीकडे तिच्याबद्दल मुख्यतः पुरुष समीक्षकांनी लिहिलेलंच उरलं असतं.

वाचताना एक पथ्य पाळा. शॉ लांब लिहितो आणि वाचकाला खेचून नेतो, त्यामुळे एलनची छोटी, अधोरेखितांनी आणि उद्गारचिन्हांनी भरलेली पत्रं घाईत निसटतात. सुरुवात १८९६ च्या उन्हाळ्यापासून करा, आधी तिचं पत्र, मग त्याचं. जोडीला तिचं १९०८ चं आत्मचरित्र ठेवा, ते प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. त्यापुढे जायचं असेल तर कॅथरीन कॉकिन यांनी संपादित केलेले तिच्या समग्र पत्रांचे खंड २०१० पासून निघाले आहेत. महाग आहेत, म्हणून आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. त्यांत शॉ नसलेली एलनही भेटेल, मुलांना, मैत्रिणींना, कामाच्या माणसांना लिहिणारी.