दंडाच्या पावत्या फेकू नका

प्रश्न : ताई, आम्ही वारली, जव्हार तालुक्यातले. वडील 1985च्या आधीपासून फॉरेस्टचा अडीच एकराचा प्लॉट कसतात. नागली, वरई घेतो. वनहक्काचा दावा उपविभागीय समितीने ‘पुरावा अपुरा’ म्हणून नामंजूर केला, पत्र गेल्या महिन्यात आलं. धाकटा भाऊ म्हणतो, शेजारची झाडी तोडून आणखी जमीन काढू, तीही नावावर होईल. आणि पट्टा, म्हणजे वनहक्काचा दाखला, मिळाला तर जमीन विकता येते का?

उत्तर : दादा, आधी भावाला थांबवा. 2006च्या वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005ची तारीख पक्की आहे. त्या दिवसाआधीपासून ताब्यात असलेली आणि प्रत्यक्ष कसलेली जमीनच धरतात, तीही जास्तीत जास्त 4 हेक्टर. आज तोडलेल्या झाडीवर हक्क मिळणार नाही, गुन्हा मात्र दाखल होईल.

आता पुरावा. तुमच्या पत्रात एक ओळ सहज आली आहे : ‘गार्ड दरवर्षी दंड करायचा, त्या पावत्या आईच्या पेटीत आहेत.’ अहो, हाच तर पुरावा! ज्या कागदाने वडिलांना अतिक्रमण करणारे ठरवलं, त्याच कागदावर ते त्या साली तिथे नांगर धरून होते हे सरकारी शिक्क्यानिशी लिहिलेलं आहे. सगळ्या पावत्या सालवार लावा, झेरॉक्स काढा, मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नका. जोडीला पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब घ्या. शेताचे जुने बांध, विहीर, वडिलांनी लावलेली आंब्याची झाडं यांचा पंचनामा गावच्या वनहक्क समितीकडून करून घ्या. नियमाला किमान दोन प्रकारचे पुरावे लागतात. अमुकच कागद आणा असा हट्ट कोणत्याही समितीला धरता येत नाही. उपग्रहाचा नकाशा पूरक असतो, त्यात शेत दिसत नाही एवढ्यावर दावा फेटाळणं चूक आहे.

नामंजुरीच्या पत्राच्या तारखेपासून 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अपील करा आणि पोच घ्या. तिथेही नकार आला तर आपल्याकडच्या अनुसूचित क्षेत्रात 2020पासून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे जाता येतं. पडताळणी पुरी होईपर्यंत तुम्हाला जमिनीवरून हुसकता येत नाही, कलम 4(5) तसं स्पष्ट सांगतं.

पट्ट्याची जमीन विकता येत नाही. गहाण, बक्षीसही नाही; वारसांना मात्र मिळते. पुष्कळांना ही अट जाचक वाटते, मला ती हवीशी वाटते, कारण त्यामुळे जमीन पुन्हा हातची जात नाही. डहाणू-तलासरीत 1945चा वारली उठाव झाला, तेव्हा जमिनी सावकार-जमीनदारांच्या घशात गेल्या होत्या आणि मूळ मालक स्वतःच्याच शेतावर वेठीला राबत होते.

आणखी एक. दाव्यावर फक्त वडिलांचं नाव आहे असं दिसतं. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, तेव्हा अपिलात आईचं नाव आवर्जून घाला.