आधी स्केल, मग गेज

भावा, मॉडेल रेल्वेचं इंजिन विकत घ्यायच्या आधी एवढं समजून घे. स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या कितव्या हिश्श्याचं मॉडेल. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. एचओ नावाचं माप 1:87 चं, त्याच्या रुळाचं गेज 16.5 मिमी. एन नावाचं माप 1:160 चं, गेज 9 मिमी.

गोंधळ होतो तो इथं. ब्रिटिश ओओ मॉडेल 1:76 चं, पण धावतं त्याच 16.5 मिमी रुळावर. म्हणून मीही पहिल्यांदा एचओच्या डब्यांना ओओचं इंजिन जोडलं. रुळावर छान बसलं, पण डब्यांपुढं थोराड दिसलं. तेव्हा खोक्यावरचा 1:87 हा आकडा वाच, नुसता रूळ जुळतो म्हणून घेऊ नकोस.

आपल्या कोल्हापूर टर्मिनसवरचा ब्रॉडगेज 1676 मिमी. एचओत तो सव्वाएकोणीस मिमी हवा. बाजारातला रूळ 16.5 चा, त्यामुळं भारतीय गाडी जराशी अरुंद पायावर उभी दिसते. मी ते चालवून घेतो, तूही घे.

मला सगळ्यात आवडतं ते मिरज. एकेकाळी तिथं ब्रॉड, मीटर आणि बार्शी लाइट रेल्वेची 762 मिमीची नॅरोगेज, तिन्ही होत्या. ती नॅरोगेज एचओत करायची तर एनचा 9 मिमी रूळ जवळपास तंतोतंत बसतो!

जागेचं म्हणशील तर एचओच्या 18 इंच त्रिज्येच्या वळणाच्या पूर्ण गोलाला चार फूट रुंद फळी लागते. खोली लहान असेल तर सरळ एन घे.