त्याला ऐकू तरी आलं आहे का?

"ताई, तीन वर्षांत गिटारवर २३ मराठी गाणी केली. शब्द माझे, चालीही माझ्याच. फोकसारखं साधं सांगावं आणि सोलसारखं आतून गावं, असं डोक्यात असतं. स्टेजवर मात्र सगळं उसनं वाटतं. एक रेकॉर्डिस्ट म्हणाला, 'गाणी चांगली आहेत, पण गातंय कोण ते कळत नाही.' दोन्हीपैकी एकच शैली धरू का? की मला माझा असा आवाजच नाही? घरून अडचण काही नाही. नवरा लवकर झोपतो म्हणून मी रात्री हळू आवाजात गाणी करते, पण त्यानं आजवर कधी तक्रार केलेली नाही.
– ना इकडची ना तिकडची"

तक्रार करायला त्याला काही ऐकू तरी आलं आहे का?

सबंध पत्रात कामाचं वाक्य तेवढं एकच, आणि तेही तू नवऱ्याचं कौतुक करायच्या भरात लिहून गेलीस. फोक की सोल, हा घोळ आधी बाजूला ठेव. अमेरिकेतली ओडेटा फोक, म्हणजे तिकडची लोकगीतं, गायची आणि तिचा गळा लहानपणापासून ऑपेराच्या तालमीत तयार झालेला होता. तिकडचाच बिल विदर्स सोल, म्हणजे काळजातून गायची कृष्णवर्णीयांची शैली, गाणारा, पण १९७७ सालच्या एका गाण्यात त्यानं एकच सूर जवळजवळ १८ सेकंद धरलाय, सरळ, गिरकी न घेता. तेव्हा साधं सांगायला हळू आवाज लागतो आणि आतून गायला गिरक्या लागतात, ही तुझी वाटणी कुणी केली?

तू केलीस. रात्री, दार लावून.

तुझी २३ च्या २३ गाणी कुजबुजत जन्मली आहेत. हळू गायला लागलं की पट्टी आपोआप उतरते. मुखडा तुझ्या आवाजाच्या तळाशी जाऊन बसतो, गिटारच्या तिसऱ्या मोकळ्या तारेच्या आसपास. रात्री ते फार गोड लागतं, कारण खोली शांत असते, फोन तोंडाशी असतो आणि बारीक आवाज तो आपणहून उचलून देतो. स्टेजवर नेमक्या त्याच जागी गिटारच्या मधल्या तारा घुमत असतात. आवाज त्यांच्याखाली बुडतो, मग तू जोर लावतेस, आणि दाबलेला खालचा सूर दाट व्हायच्या ऐवजी खरखरतो.

वरच्या सुरांची गोष्ट याहून वाईट. हळू, पातळ आवाजात वर जायला काहीच कष्ट पडत नाहीत, म्हणून रात्रीच्या चालीत उड्या फार येतात. भरल्या आवाजात वर चढताना मध्ये एक सांधा लागतो, जिथे खालचा आवाज संपून वरचा सुरू होतो. बऱ्याच बायकांचा तो, पाश्चात्त्य स्वरांच्या नावांनी सांगायचं तर, मधल्या सीच्या वरच्या ई ते जीच्या दरम्यान कुठेतरी असतो. तो सांधा तू कधी ओलांडलेलाच नाहीस, रोज पातळ आवाजात त्याच्या बाजूनं निघून जातेस. मग लोकांसमोर तिथे आवाज फाटतो, नाहीतर किंचाळी होते, आणि ते झाकायला तू हरकत, म्हणजे तीच गिरकी, टाकतेस. रेकॉर्डिंग लावून बघ. तुझ्या बहुतेक हरकती त्या सांध्यावरच सापडतील.

बरं, त्या हरकतीही रेकॉर्ड ऐकून इंग्रजी शब्दांवरून उचललेल्या. त्या मराठी शब्दाच्या शेपटीला बांधल्या की शब्दच बदलतो. 'वाट' गाताना गिरकी 'ट'वर घेतलीस की ऐकणाऱ्याला 'वाटा' ऐकू येतं. एकीच्या अनेक झाल्या! 'मन'चं 'मना' होतं, म्हणजे तू मनाबद्दल सांगत होतीस ती एकदम मनाला हाका मारायला लागलीस. लांबवायचं असेल तर 'वा' लांबव आणि 'ट' मिटून घे. हे नीट केलंस तर निम्म्या हरकती आपोआप गळून पडतील.

आता काम. २३ गाणी वाचवायच्या फंदात पडू नकोस, तीन घे. दिवसाउजेडी, उभी राहून, गिटार बाजूला ठेवून मुखड्याची पहिली ओळ नुसती बोल, आठ-दहा पावलांवरच्या माणसाला नीट ऐकू जाईल अशी. ज्या अक्षरावर वजन पडतं त्याचा सूर गिटारवर शोध. मुखडा ज्या सुरावर विसावतो तो तिथपर्यंत चढव. कापो, म्हणजे गिटारच्या मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, प्रत्येक फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) अर्धा सूर चढवतो आणि कॉर्डचे आकार तेच राहतात. असल्या गाण्यांना तीन-चार फ्रेट तरी सरकावं लागेल. सातव्याच्या वर जायची वेळ आली तर मात्र आकारच बदल, नाहीतर गिटार खेळण्यातली असल्यासारखी टिणटिणते.

पट्टी चढवली की कडव्यातली उडी हाताबाहेर जाणार. इथेच सगळ्या घाबरून कापो परत खाली आणतात. तो आणायचा नाही, उडी छाटायची. तुझा वरचा सूर भरल्या आवाजात 'आ'वर लागोपाठ तीनदा घे. तिसऱ्यांदाही मान ताठली नाही, तर तो तुझा. गाण्याचा सगळ्यात वरचा सूर त्याच्या एक पूर्ण सूर खाली ठेव, आणि चाल त्यात बसेपर्यंत मोड. चाल मोडताना जीव तुटेल, तुटू दे.

श्वासाच्या जागाही नव्यानं ठरव. कुजबुजीत वारा गळतो, म्हणून तू ओळीच्या पोटातच श्वास घेत असणार. भरल्या आवाजात तेवढ्याच श्वासात ओळ पुरी होते. हरकती सगळ्या काढ. गाणं दहा वेळा सरळ गा, आणि अकराव्या वेळी गळा आपण होऊन जिथे वळेल तेवढीच ठेव. (एखादं गाणं खरोखरच कुजबुजीचं निघेल. ते तसंच राहू दे, पण एखादंच.)

नवऱ्याबद्दल तू मला विचारलेलं नाहीस, तरी सांगते. तो भला माणूस असेल. पण तीन वर्षं बायको शेजारच्या खोलीत गाणी करते आहे आणि त्याच्या झोपेला एकदाही धक्का लागलेला नाही, यात मला पाठिंबा दिसत नाही. तू त्याच्या झोपेच्या मापानं आवाज कापून घेतलास, आणि तो असा कापला की त्याला कळलंही नाही. त्यानं मागितलं नव्हतं म्हणतेस? मग तर दोष जास्तच तुझा.

यापुढे रात्री चाल बांधायची नाही. सुचलं तर शब्द लिही आणि झोप. या शनिवारी संध्याकाळी त्याला जागेपणी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसव, तू या टोकाला उभी राहा आणि तीनपैकी एक गाणं नव्या पट्टीत, माईक नाही, फोन नाही, पूर्ण गा. फाटलं तर फाटलं, थांबायचं नाही. तो कौतुकानं जवळ येऊन बसेल, त्याला उठवून परत तिकडे पाठव. अंतर कमी झालं की तू पुन्हा कुजबुजायला लागशील.