एखादा काळप्रवासी मेलेल्या ग्रीक योद्ध्याचं चिलखत चढवून त्याच्या जागी खपून जाईल का?

दिवसाढवळ्या अवघडच. अथेन्सची फौज १० कुळगटांत उभी राहायची, म्हणजे शेजारचा ढालवाला बऱ्याचदा ओळखीचाच. शिरस्त्राणाने तोंड झाकेल हो, पण बोलीचं काय?

रात्री मात्र जमू शकतं. इ.स.पू. ४१३, सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक शहराजवळचं एपिपोली पठार. अथेन्सच्या फौजेने तिथे सिराक्यूजवाल्यांवर रात्री हल्ला केला. चांदण्यात माणूस दिसत होता, पण आपला की परका ते कळेना. अथेन्सवाले भेटेल त्याला परवलीचा शब्द विचारत सुटले आणि तो शत्रूलाच कळला! त्यात अथेन्सच्या बाजूने लढणाऱ्या डोरियन (ग्रीकांचीच एक शाखा; सिराक्यूजवालेही त्यातलेच) सैनिकांचं रणगीत थेट शत्रूसारखं. ते ऐकून आपलेच लोक घाबरले, काही तर एकमेकांशीच भिडले. घुसायचं तर अशा गोंधळात. फक्त उजाडायच्या आत सटका.