लिहिलेलं एक, लागू झालेलं दुसरं: आरटीओएस बिल्डविषयी वाचकांचे प्रश्न

क्रॉस-कंपाइल होणाऱ्या (एका संगणकावर बनून दुसऱ्या प्रोसेसरवर चालणाऱ्या) आरटीओएसच्या, म्हणजे रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमच्या, बिल्ड कॉन्फिगरेशनबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. बहुतेकांचं दुखणं एकाच जागी आहे: फाइलीत लिहिलेलं वेगळं आणि बोर्डावर गेलेलं वेगळं. कमांड, पर्याय आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे छापली आहेत.

प्रश्न: आम्ही झेफिर ही आरटीओएस वापरतो. मेन्यूकॉन्फिग या पर्याय निवडायच्या मेन्यूतून शेल (कमांड टाइप करायची सोय) चालू केलं, ते आठवडाभर नीट चाललं. सहकाऱ्याने नवा क्लोन घेऊन बिल्ड केलं, तर त्याच्याकडे शेलच नाही. आता पीआरजे-डॉट-कॉन्फ या प्रकल्पाच्या पर्याय-फाइलीत हाताने ओळी टाकतोय, पण टीसीपीचा पर्याय ‘वाय’ लिहूनही चालू होत नाही.

उत्तर: इथे दोन वेगळे घोळ आहेत.

पहिला मेन्यूकॉन्फिगचा. त्यात केलेला बदल बिल्ड फोल्डरमधल्या झेफिर उपफोल्डरच्या ‘डॉट-कॉन्फिग’ फाइलीत जातो. ही फाइल तयार माल आहे, कच्चा माल नव्हे. बोर्डाची डेफकॉन्फिग (मूळ किमतींची फाइल), मग तुमची पीआरजे-डॉट-कॉन्फ, मग त्या बोर्डापुरती वेगळी ठेवलेली कॉन्फ फाइल आणि शेवटी कमांडवर दिलेले जादा तुकडे अशा क्रमाने सगळं एकत्र होऊन ती बनते. एकच पर्याय दोन ठिकाणी असेल तर नंतरचा जिंकतो. बिल्ड फोल्डर पुसला की मेन्यूकॉन्फिगचे बदल गेले. फोल्डर न पुसताही ते जातात: या कच्च्या फाइलींपैकी एकीत जरी बदल झाला, तरी डॉट-कॉन्फिग पुन्हा पहिल्यापासून बनते. तुमचं आठवडाभर चाललं, कारण त्या आठवड्यात कोणी पीआरजे-डॉट-कॉन्फला हात लावला नाही.

म्हणून मेन्यूकॉन्फिग शोधायला वापरा, साठवायला नको. ते उघडण्याआधी डॉट-कॉन्फिगची प्रत काढा, बदल करून सेव्ह करा आणि दोन्हींचा डिफ बघा. शेल चालू केल्यावर डिफमध्ये बऱ्याच ओळी दिसतील, पण त्यांतल्या बहुतेक शेलमागोमाग आपोआप आलेल्या असतात. तुम्ही स्वतः दाबलेली एक-दोन ओळच पीआरजे-डॉट-कॉन्फमध्ये न्या. आख्खी डॉट-कॉन्फिग तिथे चिकटवू नका. तसं केलं की आजच्या शेकडो डिफॉल्ट किमती तुमच्या नावावर गोठतात, आणि पुढच्या आवृत्तीत एखादी चुकीची डिफॉल्ट दुरुस्त झाली तरी ती तुमच्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा घोळ टीसीपीचा. तो पर्याय नेटवर्किंगच्या मुख्य पर्यायावर अवलंबून आहे. मुख्य पर्याय बंद असेल तर टीसीपीची ओळ गळून पडते. इथली गोम अशी की पर्यायाचं नावच चुकलं तर बिल्ड थांबतं, पण अवलंबित्व अपुरं असेल तर ‘वाय दिलं होतं, एन मिळालं’ एवढा इशारा छापून गाडी पुढे जाते. तो इशारा शेकडो ओळींत वाहून जातो, आणि दुसऱ्यांदा बिल्ड करताना कॉन्फिगरेशनची पायरीच चालत नसल्याने पुन्हा दिसतही नाही. मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून पर्याय शोधा, मग प्रश्नचिन्ह दाबा. कुठली अट अडतेय ते तिथे लिहिलेलं असतं.

कायमचा उपाय हवा असेल तर ज्यांच्याशिवाय उत्पादन चालणारच नाही अशा दहा-पंधरा ओळींची यादी वेगळ्या फाइलीत ठेवा आणि बिल्ड झाल्यावर त्यातली प्रत्येक ओळ डॉट-कॉन्फिगमध्ये सापडते का हे स्क्रिप्टने तपासा. एक जरी नसली तरी सीआय (आपोआप बिल्ड करून तपासणारी यंत्रणा) लाल झाली पाहिजे.

जाता जाता: स्वतःची केकॉन्फिग फाइल (पर्याय आणि त्यांच्या अटी सांगणारी) लिहिताना ‘सिलेक्ट’ जपून वापरा. तो समोरच्या पर्यायाच्या अटी न बघता त्याला जबरदस्तीने चालू करतो. ‘इम्प्लाय’ त्या अटींचा मान राखतो.

प्रश्न: कॉर्टेक्स-एम४एफ वर बाहेरून मिळालेली तयार लायब्ररी जोडताना लिंकर (ऑब्जेक्ट फाइली एकत्र जोडणारं साधन) म्हणतो की एक फाइल व्हीएफपी रजिस्टर अर्ग्युमेंट्स वापरते आणि आउटपुट वापरत नाही. लायब्ररी खराब आहे का?

उत्तर: लायब्ररी बहुधा ठीक आहे. तिची आणि तुमची बोली वेगळी आहे. ‘-एमफ्लोट-एबीआय’ला तीन किमती आहेत. ‘हार्ड’मध्ये फंक्शनला दिलेला फ्लोट (दशांश संख्या) एस० पासूनच्या रजिस्टरांतून जातो. ‘सॉफ्ट’ आणि ‘सॉफ्टएफपी’ या दोन्हींत तो आर० ते आर३ मधून जातो, फरक इतकाच की सॉफ्टएफपी आतलं गणित एफपीयूवर (फ्लोटचं गणित करणाऱ्या हार्डवेअरवर) करतं. त्यामुळे सॉफ्ट आणि सॉफ्टएफपी एकत्र नांदतात, हार्डचं मात्र दोघांशीही जमत नाही.

कोण कुठल्या बाजूला आहे ते ‘रीडएल्फ -ए’ने बघा (हे ए मोठ्या लिपीतलं). ‘टॅग_एबीआय_व्हीएफपी_आर्ग्ज’ या ओळीपुढे ‘व्हीएफपी रजिस्टर्स’ असेल तर ती फाइल हार्ड. हार्ड बिल्डच्या फ्लोट हाताळणाऱ्या फाइलीत ही ओळ नसेल, तर ती फाइल वेगळ्या फ्लॅगने बनलेली आहे. तुमच्या स्वतःच्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइली हार्ड निघाल्या तर लिंकच्या कमांडकडे बघा. ‘-एमसीपीयू’, ‘-एमथंब’, ‘-एमएफपीयू’ आणि ‘-एमफ्लोट-एबीआय’ हे चारही कंपाइलला दिले पण लिंकला दिले नाहीत, तर जीसीसी कंपायलर सी लायब्ररीची चुकीची मल्टिलिब (फ्लॅगांनुसार वेगळी बनवलेली) प्रत उचलतं. लिंकच्या कमांडमधले तेच फ्लॅग देऊन ‘-प्रिंट-मल्टि-डिरेक्टरी’ चालवलं की ते कुठला फोल्डर उचलतंय ते एका ओळीत कळतं. हे चार फ्लॅग एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवून दोन्हीकडे तेच वापरणं हाच खरा बंदोबस्त.

एफपीयू चालू झालं म्हणून सगळं गणित वेगवान होईल असंही नाही. ‘एफपीव्ही४-एसपी-डी१६’ फक्त सिंगल प्रिसिजन करतं. कोडमध्ये १.५ पुढे एफ लिहायचं राहिलं की ते डबल होतं आणि सगळा हिशेब सॉफ्टवेअरमध्ये जातो. ‘-डब्ल्यूडबल-प्रमोशन’ हा इशारा चालू ठेवा.

प्रश्न: ड्रायव्हरचा कोड नीट लावायचा म्हणून टायमरची फाइल दोन भागांत तोडली, इनिट एका फाइलीत आणि इंटरप्ट हँडलर दुसरीत. सगळे ड्रायव्हर आधीपासूनच एका स्टॅटिक लायब्ररीत आहेत. कोडची एक ओळही बदलली नाही, तरी इंटरप्ट आला की प्रोसेसर डिफॉल्ट हँडलरच्या अनंत लूपमध्ये अडकतो. लिंकर काही तक्रार करत नाही.

उत्तर: लिंकरच्या दृष्टीने तक्रार करण्यासारखं काही घडलेलंच नाही. स्टार्टअप फाइलीत प्रत्येक इंटरप्टसाठी ‘वीक’ (दुसरी खरी व्याख्या मिळाली तर माघार घेणारी) व्याख्या असते आणि ती डिफॉल्ट हँडलरकडे बोट दाखवते. लिंकर लायब्ररी उघडतो तेव्हा त्याच्या हातात फक्त न सापडलेल्या नावांची यादी असते, आणि त्या यादीतलं नाव देणारी ऑब्जेक्ट फाइलच तो लायब्ररीतून बाहेर काढतो. टायमरचा हँडलर त्या यादीत नाही, कारण वीक का होईना, त्याची व्याख्या सापडलेली आहे. म्हणून तुमची हँडलरची फाइल लायब्ररीतच पडून राहते.

आधी चालत होतं ते योगायोगाने. मेनमधून टायमरचं इनिट बोलावलं जायचं, त्यासाठी ती ऑब्जेक्ट फाइल ओढली जायची, आणि त्याच फाइलीत असलेला हँडलर फुकटात आत येऊन वीकवर मात करायचा.

मॅप फाइल (लिंकरने लिहिलेला अहवाल) उघडा. अगदी वर लायब्ररीतल्या कुठल्या फाइली कोणत्या नावासाठी घेतल्या याची यादी असते. टायमर-इनिटची फाइल तिथे असेल, टायमर-इंटरप्टची नसेल. अंतिम एल्फवर (लिंक होऊन बनलेल्या फाइलीवर) नावांची यादी देणारं ‘एनएम’ चालवलंत तर हँडलरपुढे ‘टी’ऐवजी ‘डब्ल्यू’ दिसेल आणि पत्ता डिफॉल्ट हँडलरचाच असेल.

‘-यू’ने ते नाव मागून इथे काम होत नाही, कारण स्टार्टअपची वीक व्याख्या ती मागणीही पुरवून टाकते. सीमेक या बिल्ड साधनात ड्रायव्हरची लायब्ररी ‘स्टॅटिक’ऐवजी ‘ऑब्जेक्ट’ प्रकारची करा, किंवा लिंकच्या ओळीत तिच्या आधी ‘होल-आर्काइव्ह’ आणि नंतर ‘नो-होल-आर्काइव्ह’ द्या. सगळंच आत आल्याने फ्लॅश फुगेल अशी भीती असेल तर ‘-एफफंक्शन-सेक्शन्स’, ‘-एफडेटा-सेक्शन्स’ आणि ‘जीसी-सेक्शन्स’ चालू असू द्या, न वापरलेलं गळून जाईल. फक्त लिंकर स्क्रिप्टमध्ये व्हेक्टर टेबलभोवती (हँडलरांच्या पत्त्यांच्या तक्त्याभोवती) ‘कीप’ आहे ना ते बघा. त्या टेबलाचा उल्लेख कोडमध्ये कुठेच नसल्याने जीसी त्यालाच कचरा समजू शकतं.

बिल्डनंतर एनएमच्या यादीवर नजर टाकणारी चार ओळींची स्क्रिप्टही जोडा: वापरात असलेल्या हँडलरांपैकी कोणापुढे ‘डब्ल्यू’ आला तर बिल्ड नापास. ही चूक बोर्डावर शोधायला अख्खा दिवस जातो, इथे एका सेकंदात सापडते.

प्रश्न: फ्रीआरटीओएस या आरटीओएसच्या फ्रीआरटीओएसकॉन्फिग-डॉट-एच मध्ये मिनिमल स्टॅक १२८ चा ५१२ केला, पण काहीच बदललं नाही. १२८ बाइट्समध्ये टास्क चालत तरी कसा होता?

उत्तर: तो आकडा बाइट्समध्ये नसतो, वर्ड्समध्ये असतो. ३२-बिट कॉर्टेक्स-एमवर १२८ म्हणजे ५१२ बाइट्स, आणि तुमचे ५१२ म्हणजे २०४८ बाइट्स.

बदल न दिसण्याची दोन कारणं नेहमी सापडतात. एक, मेकफाइल हेडरवर नजर ठेवत नाही. ‘-एमएमडी -एमपी’ देऊन डिपेंडन्सी फाइली बनवा आणि त्या इन्क्लूड करा. एमपी नसेल तर एखादं हेडर काढून टाकल्यावर मेक अडून बसतं. दोन, त्या नावाच्या दोन फाइली आहेत, तुमची आणि उदाहरण-प्रकल्पातून आलेली, आणि इन्क्लूड पाथमध्ये दुसरी आधी लागते. तयार झालेल्या डिपेंडन्सी फाइलीत पूर्ण मार्ग लिहिलेला असतो, तो वाचा.

कर्नल वेगळी लायब्ररी म्हणून आधीच बनवून ठेवला असेल तर प्रकरण गंभीर आहे. ट्रेसची सोय चालू-बंद केल्याने टास्कच्या कंट्रोल ब्लॉकचा आकार बदलतो. कर्नल एका हेडरने आणि अॅप्लिकेशन दुसऱ्याने बनलं, तर स्टॅटिक टास्कसाठी दिलेली जागा अपुरी पडून शेजारची मेमरी खराब होते. ‘कॉन्फिगअॅसर्ट’ चालू असला तरी तो हे पकडत नाही: स्टॅटिक टास्क बनवताना कर्नल जे दोन आकार ताडतो ते दोन्ही त्याच्याच हेडरने ठरलेले असतात. म्हणून कर्नल आणि अॅप्लिकेशन एकाच हेडरने बनवा.

प्रश्न: एकच कमिट, एकच कंपायलर, तरी दोन मशीनवरच्या बायनरी जुळत नाहीत. आकारातही काही बाइट्सचा फरक आहे.

उत्तर: आकाराचा फरक बहुधा फोल्डरच्या नावामुळे आहे. अॅसर्टमध्ये ‘फाइल’ मॅक्रो असतो, त्यात सोर्सचा पूर्ण मार्ग स्ट्रिंग म्हणून फ्लॅशमध्ये जातो, आणि ज्याचा होम फोल्डर लांब त्याची बायनरी मोठी. जीसीसी ८ पासून ‘-एफफाइल-प्रीफिक्स-मॅप’ आहे. त्याने सोर्सच्या मार्गाची सुरुवात टिंबाने बदला.

दुसरा नेहमीचा संशयित म्हणजे ‘डेट’ आणि ‘टाइम’ मॅक्रो. ‘-डब्ल्यूडेट-टाइम’ ते कुठे आहेत ते दाखवतो. काढता येत नसतील तर ‘सोर्स_डेट_इपॉक’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कमिटच्या वेळेवर ठेवा, जीसीसी ७ पासून कंपायलर ते मानतो.

झेफिरच्या वेस्ट मॅनिफेस्टमध्ये (कुठलं मॉड्यूल कुठल्या आवृत्तीचं घ्यायचं त्या यादीत) मॉड्यूलपुढे शाखेचं नाव असेल तर एकच कमिट म्हणण्याला अर्थ उरत नाही, ती शाखा रोज हलते. तिथे कमिटचा हॅश द्या. ‘वेस्ट मॅनिफेस्ट’ला ‘फ्रीझ’ पर्याय दिला की सगळे हॅश भरलेला मॅनिफेस्ट मिळतो.

कंपायलर बदलायचा असेल तेव्हा जुना बिल्ड फोल्डर वापरू नका. सीमेक टूलचेन पहिल्या वेळी ठरवतं आणि कॅशमध्ये धरून ठेवतं, नंतर फाइलीत काहीही लिहा. सीमेक ३.२४ पासून ‘फ्रेश’ पर्याय आहे, जुन्यावर फोल्डर हाताने पुसा. जीसीसी ९ वरून १० किंवा पुढे जाताना ‘मल्टिपल डेफिनिशन’च्या चुका आल्या तर कंपायलरला दोष देऊ नका. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ न लिहिता ठेवलेले ग्लोबल आधी गुपचूप एकत्र केले जायचे, १० पासून ‘-एफनो-कॉमन’ हीच डिफॉल्ट झाली. जुना फ्लॅग परत लावून वेळ मारून नेता येते, पण हेडरमध्ये एक्स्टर्न आणि एकाच सी फाइलीत व्याख्या हे काम अर्ध्या तासाचं आहे, ते उरकून टाका.