रात्री वरच्या मजल्यावरचं वायफाय बंद करायचंय

प्रश्न: आमचं नाशिकला दोन मजली घर आहे, राउटर खाली हॉलमध्ये आणि वर मुलाच्या रूमबाहेर एक्सटेंडर (राउटरचा सिग्नल पुढे पोचवणारा डबा) लावलाय. मुलगा दहावीत आहे, रात्री दीड-दोनपर्यंत मोबाईल सुटत नाही. म्हणून एक्सटेंडरच्या ॲपमध्ये शेड्यूल लावलं, रात्री ११ ला बंद, सकाळी ६ ला चालू. तर तो बंद होतोय पहाटे साडेचारला आणि चालू होतोय सकाळी साडेअकराला! ह्यांचं घरून काम असतं, रोज कटकट. पीस खराब आहे का? आणि असा बंद ठेवला तर लाईटबिल कमी येईल का?

उत्तर: ताई, पीस चांगलाय. दोन्ही वेळा बरोब्बर साडेपाच तास पुढे गेल्यात बघा, म्हणजे एक्सटेंडरचं घड्याळ जीएमटीवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या वेळेवर, राहिलंय. सेटिंगमध्ये टाईम झोन शोधा, जीएमटी +५:३० निवडा आणि वेळ इंटरनेटवरून घेण्याचा ऑप्शन चालू ठेवा, कारण अशा डब्यांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी सहसा नसते, लाईट गेली की वेळ विसरतो आणि नेट परत आल्यावरच त्याला कळतं किती वाजले. काही मॉडेलला मध्यरात्र ओलांडणारी वेळ एका ओळीत चालत नाही, मग ११ ते १२ एक आणि १२ ते ६ दुसरी अशा दोन एन्ट्री करायच्या. शनिवारी रात्री सूट द्यायची असेल तर १२ नंतरचा भाग रविवारात धरला जातो, तिथे हमखास गोंधळ होतो.

आता खरं सांगू का, शेड्यूल नीट लागलं तरी मुलगा झोपेलच असं नाही. एक्सटेंडर गेला तरी खालचा राउटर चालूच, फोन त्याचा एखाद-दुसरा दांडा पकडतो, आणि मोबाईल डेटा आहेच की! त्यापेक्षा राउटरच्या पॅरेंटल कंट्रोलमध्ये फक्त त्याच्या फोनला वेळ लावा. त्याआधी त्या फोनमध्ये तुमच्या वायफायसाठी रँडम मॅक ॲड्रेस बंद करा (मॅक ॲड्रेस म्हणजे राउटर ज्यावरून फोन ओळखतो तो नंबर, रँडम असला की तो बदलू शकतो), आयफोन असेल तर त्याला प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस म्हणतात, नाहीतर पोरगं नेटवर्क फरगेट करून परत जोडतं आणि काही फोन तेवढ्यावर राउटरला नवीनच वाटतात. डेटाचं मात्र राउटरच्या हातात नाही, अँड्रॉइडवर गुगलच्या फॅमिली लिंक ॲपमध्ये फोनलाच झोपेची वेळ लावता येते.

आणि हो, गच्चीवरचा कॅमेरा किंवा वरचा टीव्ही एक्सटेंडरवर असेल तर तोही रात्री ऑफलाईन जाणार, आधी कनेक्टेड डिव्हाइसची लिस्ट बघून घ्या.

लाईटबिलाचं सोडा. ५ वॉटचा एक्सटेंडर रोज ७ तास प्लगमधूनच काढला तरी महिन्याला जेमतेम १ युनिट वाचतं, आणि शेड्यूलने तर नुसता सिग्नल जातो, डबा चालूच असतो.