जे घेतलंच नाही, ते फुटत नाही

तुझा मेल दोनदा वाचला. फीचर मुकाट्यानं करावं की राजीनामा द्यावा, असं विचारलं आहेस. आत्ता दोन्ही नको. आधी त्या टिकेटात, म्हणजे तुला आलेल्या कामाच्या नोंदीत, नेमकं काय मागितलंय ते एकेक करून बघ.

तुम्ही बनवता ते सोसायटीच्या गेटवरचं ॲप. घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, दूधवाले यांची नोंद त्यात आधीपासून आहे. आता कमिटीला प्रत्येकीच्या आधार कार्डाचे पुढून-मागून फोटो हवेत, आणि कुठल्याही सभासदानं नावावर टॅप केलं की ते उघडायला हवेत. जोडीला येण्या-जाण्याच्या वेळांचं कॅलेंडर, ती आणखी कुठल्या फ्लॅटमध्ये जाते त्याची यादी, आणि तिच्या कामाला द्यायचे स्टार. म्हणजे सोसायटीत ३०० फ्लॅट असतील तर निदान ३०० फोनवर एका बाईचा घरचा पत्ता, जन्मतारीख, आधार नंबर आणि ती रोज किती ते किती घराबाहेर असते हे सगळं एकत्र. यातलं चोर पकडायला काय लागतं, हे कमिटीतल्या एकानं तरी सांगितलंय का? गेटवर 'ही बाई तीच आहे ना' एवढंच कळायला हवं. त्याला नाव, फोटो, मोबाइल नंबर आणि फ्लॅटची यादी पुरते, आणि ती यादीही फक्त वॉचमनच्या स्क्रीनवर.

जे घेतलंच नाही, ते फुटत नाही. एन्क्रिप्शन, फायरवॉल, ऑडिट हे सगळं त्यानंतर. तू मेलमध्ये तीन परिच्छेद एन्क्रिप्शनवर लिहिलेस आणि 'हे घ्यायचं कशाला' यावर एक ओळ. हे मला खटकलं.

मॅनेजर म्हणतो की संमतीची चौकट आहे, बाई टिक करते. हा मुद्दा माझ्यापुढे परत आणू नकोस. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं कलम ६ वाच. संमती मोकळेपणानं दिलेली, विनाअट, समजून-उमजून आणि ठराविक कामापुरती हवी, आणि तीही त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. कायद्यानं तिथंच उदाहरण दिलंय : टेलिमेडिसिनच्या ॲपनं कॉन्टॅक्ट लिस्टचीही परवानगी मागितली आणि बाईनं दोन्हींना हो म्हटलं, तरी तिची संमती उपचारापुरतीच धरायची, कारण उपचाराला कॉन्टॅक्ट लिस्ट लागत नाही. तुमच्या चौकटीचं काय होईल ते यावरून कळतं. शिवाय टिक कोण करतं? वॉचमन, स्वतःच्या टॅबवर. नाही म्हणाली तर उद्यापासून गेटच्या आत सोडणार नाहीत, हे तिला माहीत असतं. कलम ५ प्रमाणे सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. तुमच्या ॲपमध्ये ती मराठीत आहे का? कन्नडमध्ये?

कुणीतरी कलम ७ काढेल, की नोकरीच्या कारणासाठी संमती लागत नाही. मग विचार, की मालक कोण? बाईला पगार फ्लॅटवाले देतात, सोसायटी देत नाही. फ्लॅटवालीनं स्वतःच्या फोनमध्ये तिचा नंबर ठेवला तर तो घरगुती वापर, कायदा तिथं येत नाही. सोसायटीनं डेटाबेस केला की येतो.

आणि आधारचं तर वेगळंच आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं खासगी कंपन्यांना आधार मागू देणारा आधार कायद्याच्या कलम ५७ चा भाग रद्द केला. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ८-अ आलं. ऑफलाइन पडताळणी, म्हणजे सर्व्हरला न विचारता कार्डावरूनच ओळख तपासणं, करणाऱ्यानं आधार नंबर गोळा करायचा नाही, वापरायचा नाही, साठवायचा नाही, आणि दुसरं ओळखपत्र चालतं हे त्या व्यक्तीला सांगायचं. तुझ्या टिकेटात नेमकं याच्या उलट लिहिलंय. कुणाला खात्री करायचीच असेल आणि ती स्वतःहून कार्ड दाखवत असेल, तर कार्डावरचा क्यूआर आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या डिजिटल सहीचा असतो, तो नेट नसतानाही तपासता येतो. तपासा आणि 'ओळख पाहिली, तारीख, कुणी पाहिली' एवढी एक ओळ ठेवा. फोटो काढायचा नाही. 'नंतर मास्क करू', म्हणजे नंबर झाकू, हेही नाही, कारण मूळ फोटो तोवर बॅकअपमध्ये गेलेला असतो.

तू सुचवलंस की आधार नंबर हॅश करून ठेवू, म्हणजे ज्यावरून मूळ नंबर उलटा काढता येत नाही अशा कोडात बदलून. करू नकोस. आधारचे १२ आकडे. पहिला २ ते ९ मधला, शेवटचा चेकसम, म्हणजे आधीच्या आकड्यांवरून ठरणारा. उरतात ८,००० कोटी शक्यता. गेमिंगचं चांगलं ग्राफिक्स कार्ड एसएचए-२५६ या नेहमीच्या पद्धतीचे सेकंदाला शेकडो कोटी हॅश काढतं. सगळ्या शक्यतांचे हॅश काढून जुळवले की मिनिटाच्या आत सगळी यादी उघडी. मोबाइल नंबरच्या तर ४०० कोटीच शक्यता, त्याला काही सेकंद पुरतात. सॉल्ट, म्हणजे प्रत्येक नंबरात मिसळायचा वेगळा आकडा, त्याच टेबलात ठेवलास तर फरक इतकाच की प्रत्येक ओळीला वेगळा वेळ द्यावा लागतो. गुप्त किल्ली वेगळ्या ठिकाणी ठेवून एचमॅक, म्हणजे ती किल्ली मिसळून हॅश, केलास तर निभावतं, पण मग ती किल्ली सांभाळा, बदला, कुणाकडे आहे ते लिहून ठेवा. नंबर नसेल तर किल्लीही नको.

आता जे आधीच घेतलंय त्याकडे बघ. अशा ॲपमध्ये चुका ठरलेल्या जागी असतात. स्क्रीनवर नुसतं नाव दिसतं, पण एपीआय, म्हणजे सर्व्हरकडून ॲपला माहिती देणारा दुवा, तिची अख्खी ओळ पाठवतो, जन्मतारखेसकट. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये तपास. यूआरएलमधला आयडी एकानं वाढवला की शेजारच्या सोसायटीची बाई दिसते, कारण सर्व्हर लॉगिन तपासतो, पण सोसायटी कुठली ते तपासत नाही. फोटोंची बकेट, म्हणजे ते साठवायची क्लाउडवरची जागा, 'तात्पुरती' पब्लिक असते. टेस्ट सर्व्हरवर खरा डेटा असतो. एररच्या लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदींत, पूर्ण फॉर्म छापलेला असतो. डिलीट म्हणजे नुसतं 'पुसलं' या रकान्यात 'हो' लागणं. ओळ, थंबनेल आणि बॅकअप तिथंच. आणि दर महिन्याला कमिटीला एक्सेल जाते, ती व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते. तिथून ती परत येत नाही.

पाहुण्यांना कोड पाठवायला पूर्ण कॉन्टॅक्ट लिस्टची परवानगी कशाला घेता, हेही विचार. अँड्रॉइडचा स्वतःचा कॉन्टॅक्ट पिकर निवडलेला एकच नंबर देतो, परवानगी लागतच नाही. ओटीपीसाठीही एसएमएस वाचायची परवानगी नको, ॲपसाठी आलेला तेवढाच मेसेज देणारा एसएमएस रिट्रीव्हर आहे. आणि अँड्रॉइड स्टुडिओत मर्ज्ड मॅनिफेस्ट, म्हणजे ॲपच्या सगळ्या परवानग्या एकत्र दाखवणारी फाइल, उघडून बघ : जाहिरातीच्या किंवा ॲनालिटिक्सच्या एसडीकेनं, म्हणजे बाहेरून घेतलेल्या तयार कोडनं, तुमच्या नकळत जोडलेल्या परवानग्या तिथं दिसतात. त्या काढता येतात.

'घेऊ आत्ता, नको असेल तेव्हा पुसू' हा सगळ्यात महागडा विचार आहे. माहिती संरक्षण कायद्याखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत वैयक्तिक माहिती आणि तिच्या प्रक्रियेचे लॉग किमान १ वर्ष ठेवायचं बंधन आहे, सरकारला मागता यावेत म्हणून. ते लागू झालं की आज घेतलेलं उद्या पुसायची मुभाही उरणार नाही. म्हणून म्हणतो, ठरवायचं ते माहिती घेतानाच. नंतर नाही.

त्याच कायद्यातल्या २५० कोटींच्या दंडावर तू भरवसा ठेवतेस. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा तेवढी आहे, खरं. पण तो दंड भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्या बाईचा पत्ता फुटला तिला त्यातला एक रुपया मिळत नाही, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं कलम ४३-अ हाच माहिती संरक्षण कायदा पूर्ण लागू झाला की वगळणार आहे. मला याचा राग येतो. भरपाई मागायला कलम तिच्यापाशी उरणार नाही, तुमच्या ॲपमध्ये तिला लॉगिन नाही, तिचे स्टार किती ते तिला दिसत नाही, चुकीची तक्रार खोडायला बटण नाही. माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ११ आणि १२ मध्ये तिलाही आहे. स्टार काढून टाका. तो रकाना कुणाच्याच सुरक्षेचा नाही.

हे असं बोललं की लोक आडमुठा म्हणतात, काम अडवतो म्हणतात. ऐकून घेतो. अडवलेलं काम पुन्हा सुरू करता येतं. ३०० फोनवर गेलेला पत्ता परत आणायचा कुठलाही मार्ग या धंद्यात कुणाकडे नाही, आणि ज्यांनी मला 'एवढं काय त्यात' म्हटलं त्यांच्यापैकी कुणी तो मार्ग दाखवलेला नाही. म्हणून माझा हट्ट सुटत नाही. सुटू नये असंच वाटतं.

मॅनेजरशी नीतीवर वाद घालू नकोस. चार रकान्यांचा तक्ता कर : कुठली माहिती, कशासाठी, कोण पाहतं, कधी पुसायची. दुसरा रकाना भरता येत नसेल तर ती माहिती बाद. सोबत पर्यायाचा अंदाज दे : आधारच्या फोटोऐवजी 'ओळख पाहिली' हा रकाना, किती तास लागतील. खाली कलम ८-अ आणि कलम ६ लिही, आणि निर्णय मेलवर माग. तोंडी 'कर गं' चालणार नाही. परवानगी नसताना कोडमध्ये गुपचूप काही वगळू नकोस. तुझं म्हणणं उघड असू दे. तरी आधारचे फोटो घ्यायचेच असं लेखी आलं, तर ते एक टिकेट नाकार, बाकीची कामं चोख कर. राजीनाम्याचं त्यानंतर बोलू, आणि बोलू तेव्हा मी तुला थांबवणार नाही.

तक्ता मीटिंगच्या आधी मला पाठव. फक्त रकान्यांची नावं हवीत. नमुना म्हणून कुणाचीही खरी ओळ त्यात नको.